तापलेल्या इंजिनावरचं पाणी

हणमंतदादा, काल तुमच्या तेराव्याला जाऊन आले. आज दवाखान्यात रजेचा अर्ज टाकलाय, कारण लिहिलंय 'डोकं दुखतंय'. डोकं अजिबात दुखत नाही. पण खोटं रेटून न्यायची माझी सवय तुमच्याइतकी दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

तुम्ही गेल्याचं मला आपल्या कंपाउंडरनं सांगितलं. तो सासरवाडीला कोरेगावला गेला होता. आल्या आल्या म्हणाला, "सिस्टर, फोटूच्या गाडीवरला तुमचा फौजी गेला की वो. छातीत कळ आली आनि बसल्या जागी संपलं." मी सुया उकळत ठेवल्या होत्या. त्यावर झाकण ठेवलं आणि तिथंच उभी राहिले. रडू आलं नाही दादा, भीती वाटली. पाच वर्षं मी एक वाक्य तोंडात धरून बसले होते. आज सांगू, उद्या सांगू, दिवाळीनंतर सांगू. ज्याच्यासाठी सांगायचं तोच उठून गेला. मग तेराव्याला गेले.

तुमच्या मांडवात बसल्या बसल्या मला आपली गाडीच आठवत होती. पुढं तुमची सीट, मधल्या भागात एक्स-रेचं यंत्र आणि मी, मागच्या कप्प्यात तो पेट्रोलवरचा जनरेटर. सातारा-सांगलीच्या गावागावांतनं हिंडायचं आणि खोकणाऱ्या माणसांच्या छातीचे फोटो काढायचे, हे आपलं काम. लोक 'फोटूची गाडी' म्हणायचे. आठवतंय का, एक म्हातारी नथ घालून, डोक्याला तेल लावून आली होती? फक्त छातीचा फोटो निघतो म्हटल्यावर माझ्यावर उखडली, "आनि मग त्वांड कशाला धून आली म्या?" तुम्ही तिला समजावलंत, "आज्जे, आतला फोटू लय भारी येतो, त्यो सगळ्यास्नी न्हाई दाखवायचा." ती खूश होऊन गेली. मला नाही जमलं असं बोलायला कधी. मी आपली 'श्वास घ्या, धरा, सोडा, पुढचा.'

माझा स्वभाव तुम्ही पहिल्या आठवड्यातच ओळखला होतात. नवऱ्यानं टाकलेली बाई, नोकरी टेंपररी, घरी आई आणि तिचं रोजचं सुस्कारे टाकणं. मी सगळ्यांवर खेकसायची. तुम्ही लष्करात सतरा वर्षं इंजिनं उघडलेला माणूस, माझ्या आवाजाला काय दचकणार? पण एक गोष्ट तुम्ही न सांगता करायचात. मी जैनाची, दिवस मावळल्यावर जेवत नाही, हे तुम्हाला कळलं तेव्हापासून परतीच्या वाटेवर ऊन कललं की तुम्ही गाडी एखाद्या विहिरीपाशी उभी करायचात आणि पलीकडं जाऊन बिडी ओढत बसायचात. "सिस्टर, दिवस हाय तवर उरकून घ्या." मी डबा उघडायची. कधी एकदा 'या, दोन घास घ्या' म्हटलं नाही तुम्हाला. साधी गोष्ट, पण नाही म्हटलं.

आणि तो जनरेटर! सकाळी गार असला की दोरीच्या एका हिसक्यात सुरू. दुपारपर्यंत बिनतक्रार चालायचा. पण तापलेला असताना बंद केला की संपलं, मग दोरी ओढून ओढून हाताला फोड आले तरी फुरफुरायचासुद्धा नाही. तासभर निवला की पुन्हा पहिल्या हिसक्याला सुरू. म्हणून तुम्ही तो दुपारी बंदच करायचा नाहीत. त्याच्या धडधडीशेजारी बसून भाकरी खायचात.

एकदा तुम्ही म्हणालात, "सिस्टर, जरा हिकडं या. ह्येचं दुखणं बगूया." इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग तुम्ही काढलात, वायरीला जोडून इंजिनाच्या अंगाला टेकवून ठेवलात. भर उन्हात ठिणगी दिसत नाही म्हणून तुमचं घोंगडं माझ्या डोक्यावर टाकलंत आणि बाहेरनं दोरी ओढलीत.

"दिसतिया का?"

"काय?"

"ठिनगी वो. निळी. बारीक."

"काही दिसत नाही. अंधार आहे नुसता, आणि तुमच्या घोंगड्याला वास मारतोय."

"वास ऱ्हाऊ द्या. आता?"

"नाही म्हटलं ना!"

तासाभरानं पुन्हा घोंगडं. या खेपेला चट् चट् करत निळी ठिणगी उडाली, मी स्वतः पाहिली. लोक बाहेर हसत होते. तुम्ही म्हणालात, "बगा. पेट्रोल येतंय, हवा जातीया, फकस्त ठिनगी न्हाई. ही ठिनगी देनारी कॉईल तापली की मरतीया आनि निवली की जित्ती हुतीया. दुसरी कॉईल घातल्याबिगर ह्यो ऐकायचा न्हाई." तुम्ही दोनदा अर्ज दिलात. दवाखान्यातनं उत्तर आलं, सकाळी चालतो ना, मग चालवा.

मी मात्र सांगलीत माझ्या मावसभावाला विचारून आले. त्याचं मोटारसायकलींचं दुकान. तो म्हणाला, उन्हानं पेट्रोलची वाफ होते आणि अडकून बसते, ओलं फडकं टाक, विषय संपला. ओलं फडकं कशावर टाकायचं, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, मला कळलं. गाडीत आपलं त्यावरून रोज वाजायचं. मी 'वाफ' म्हणायची, तुम्ही 'ठिणगी' म्हणायचात. स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आलेली बाई मी, तरी वाफेवर अडून बसले होते. तुम्ही फार तर एवढंच म्हणायचात, "तापल्या लोखंडाला गार पानी दावायचं नसतंय, सिस्टर. तडकतंय."

तो औंधचा दिवस. यमाईच्या डोंगराखाली गाडी लागली होती, उन्हानं पत्रा हाताला चटके देत होता. सकाळीच रांग गावाबाहेर गेली होती. अकराच्या सुमाराला पेट्रोल संपत आलं आणि बघतो तर डबाही रिकामा. तुम्हाला इंजिन बंद करावं लागलं. रांगेतल्या कुणीतरी विचारलं, "का वो फौजी, का थांबलं?" तुम्ही हसून म्हणालात, "बाई तापल्यात. आता तासभर निवू द्या त्यांस्नी, मग ऐकत्यात."

अख्खी रांग खो खो हसली.

तुम्ही त्या जनरेटरला 'बाई' म्हणता हे मला माहीत नव्हतं, दादा. नंतर कळलं. तुम्ही गाडीला 'म्हातारी' म्हणायचात, एक्स-रेच्या यंत्राला 'सायेब' आणि जनरेटरला 'बाई'. पण दवाखान्यात बाई म्हणजे नर्सबाई, आणि तापलेली म्हटल्यावर तर मीच. माझ्या कानांत नुसता जाळ झाला. नवऱ्याच्या घरातही मला असंच चारचौघांत हसायचे. तुम्ही कुणाची तरी सायकल घेतलीत, डबा लटकावलात आणि जाता जाता म्हणालात, "मी येईस्तवर हात लावू नगा." मी मनात म्हटलं, बघतेच.

रांगेत एक म्हातारा होता. मुलाच्या पाठुंगळी बसून आला होता, दोन वाक्यांमध्ये चार वेळा खोकायचा. मुलगा म्हणाला, "बाई, बा लय दमलाय. आमचा आधी काढा की." मी त्या म्हाताऱ्याचं निमित्त केलं. आज इतक्या वर्षांनी कबूल करते, मला त्याची कीव आली हे खरं, पण त्याहून जास्त मला तुमचं नाक खाली करायचं होतं. तुम्ही परत याल तेव्हा जनरेटर धडधडत असायला हवा होता.

मी बँडेजचं कापड फाडून पट्ट्या केल्या. ताप चढला की आम्ही काय करतो? डोक्यावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवतो. इंजिनाच्या वरच्या भागाला तुम्ही 'हेड' म्हणायचात. हेड म्हणजे डोकं, एवढं इंग्रजी मला येत होतं. ठेवल्या पट्ट्या हेडवर. चर्र करून वाफ आली आणि मला आनंद झाला बघा! ताप उतरतोय! पट्ट्या क्षणात वाळल्या. मग मी एका बाईच्या हातातली कळशी घेतली आणि ओतली.

टक् असा आवाज झाला. कपाची दांडी तुटल्यासारखा, फार मोठा नाही.

तुम्ही घामानं निथळत आलात. ओली जमीन बघितलीत, इंजिन बघितलंत. वाकून हेडवरनं बोट फिरवलंत, एका जागी थांबलात. केसाएवढी चीर होती.

"कवा केलंसा ह्ये?"

मी काय म्हणाले आठवतंय? मी म्हणाले, "तुम्ही तासभर लावलात म्हणून."

तुम्ही डोक्याचा पटका सोडलात आणि ते इंजिन पुसायला लागलात. काही उपयोग नव्हता, तरी पुसत होतात. त्या दिवशी एकही फोटो निघाला नाही. म्हातारा मुलाच्या पाठीवरनंच परत गेला. त्याच्या छातीत काय होतं ते मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सांगलीत डॉक्टरसाहेबांपुढं आपण दोघं उभे होतो. साहेबांनी विचारलं, "पाणी कुणी ओतलं?" मी तोंड उघडलं होतं, दादा. खरंच उघडलं होतं. पण उघडलेल्या तोंडातनं आवाज यायच्या आत तुम्ही म्हणालात, "मी, सायेब."

"तुम्ही? लष्करात इंजिनं दुरुस्त करणारा माणूस?"

"चुकलं, सायेब."

आणि मी तोंड मिटलं. तुमच्या बोलण्यानं नाही मिटलं, माझं मी मिटलं.

बाहेर व्हरांड्यात मी तुमच्यावरच ओरडले, "कशाला सांगितलंत असं? मी मागितलं होतं का?" तुम्ही पायात वहाणा सरकवत म्हणालात, "आवं, फुडल्या म्हैन्यात तुमचं पर्मनंट हुयाचं हाय. मला पेन्शन हाय, गावाकडं रान हाय. एकदा पर्मनंटचा कागद हातात आला की सांगा सायबास्नी, मीच वतलं म्हनून. तवा कोन काय करत न्हाई. घाई न्हाई."

घाई न्हाई म्हणालात. मी ते शब्दशः धरून बसले.

तुम्हाला काढलं. निष्काळजीपणाचा शेरा मारून काढलं. पुढच्या महिन्यात माझा कागद आला. आईनं पेढे वाटले. मी साहेबांच्या खोलीपर्यंत गेले, आत दुसरं कुणी बसलं होतं, परत आले. पुन्हा एकदा गेले, साहेब हसून म्हणाले, "काय सिस्टर, आता खूश ना?" मी म्हटलं, "हो."

त्यानंतरचं तुम्हाला माहीत नाही ते सांगते. नवा माणूस आला, नवं हेड बसवलं. आणि तापल्यावर जनरेटर पुन्हा तसाच, सुरू व्हायचं नाव नाही. त्यानं पेट्रोलची नळी बदलली, टाकी धुतली, नळीला ओली फडकीसुद्धा गुंडाळली. काही नाही. शेवटी कंटाळून कॉईल बदलली. मी तिथंच होते. रणरणत्या दुपारी त्यानं चालतं इंजिन बंद केलं आणि लगेच दोरी ओढली. एका हिसक्यात सुरू. साहेब म्हणाले, "हणमंत कॉईलच म्हणत होता. पण ज्यानं तापल्या इंजिनावर पाणी ओतलं त्याचं कोण ऐकणार?"

यापेक्षा चांगली वेळ मला कोणती मिळणार होती? मी पर्मनंट होते, तुम्ही बरोबर ठरला होतात, साहेब समोर होते. मी एक्स-रेच्या फिल्म मोजत राहिले.

काल मात्र सांगितलं. तुमच्या दारातल्या मांडवात जेवणाआधी माणसं बसली होती. तुमचे शिरवळचे जावई, ट्रकच्या गॅरेजवाले, कुणाला तरी तुमच्या आठवणी सांगत होते. चांगल्या मनानंच सांगत होते. म्हणाले, "मामा सोन्यासारखा मानूस. फकस्त इंजिनाला हात लावू द्यायचा न्हाई आमी त्यांस्नी. तापल्या हेडवर पानी वतलं हुतं न्हवं!" सगळे प्रेमानं हसले. तेव्हा मला कळलं की त्या शेऱ्याचा कागद तुमच्या घरापर्यंत, भावकीपर्यंत आला होता. शेजारी बसलेल्या, त्यांच्याच गॅरेजवरच्या पोरानं सांगितलं, मामा गॅरेजवर यायचे, लांब बाकावर बसायचे, इंजिनाचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते पुटपुटायचे आणि कुणी विचारलं नाही की उठून जायचे.

मी उभी राहिले. बायका ओसरीत होत्या, पुरुषांमध्ये मी एकटी. आवाज माझा तुम्हाला माहीत आहे, तो निघाला तो दवाखान्यातलाच निघाला. म्हटलं, "पाणी त्यांनी नाही ओतलं. मी ओतलं. ते नको म्हणत होते. माझी नोकरी जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःवर घेतलं. जनरेटरला काय झालंय ते त्यांना एकट्यालाच कळलं होतं आणि ते बरोबर होते." जावयांनी मान खाली घातली आणि मग उठून मांडवाबाहेर गेले. मी त्यांच्याकडं बघू शकले नाही.

वहिनींनी मला आत बोलावलं. पुढ्यात ताट ठेवलं, स्वतः भिंतीला टेकून बसल्या. मी म्हटलं, "वहिनी, मला माफ करा." त्या म्हणाल्या, "मला ठावं हुतं, ताई. त्यांनी त्याच दिवशी सांगितलं हुतं."

मी घास खाली ठेवला.

"लोक हसायचे तवा माझा जीव तुटायचा. मी म्हनायची, आवं, सांगा की एकदा खरं काय त्ये. तर म्हनायचे, न्हाई, ती सांगल. तिचं तिला सांगू दे. लय चांगली बाई हाय, जरा तापट हाय, पर सांगल." त्यांनी पदरानं डोळे पुसले. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. "यष्टी आली की वाटंकडं बगायचे, ताई. पाच वरसं. एकदा तरी यायचं की वो."

मी त्यांना म्हटलं, "चुकलं." दुसरं काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, पण त्या माउलीच्या तोंडावर मला ते सांगवलं नाही. ते तुम्हाला सांगते, आणि हेच सांगायला आज ही रजा काढलीय.

मी आले होते, दादा.

दोन वर्षांमागं. साताऱ्याला ट्रेनिंग होतं, सुटी मिळाली, आणि मनाचा हिय्या करून कोरेगावची यष्टी धरली. तुमच्यासाठी दोन डझन केळी घेतली होती. स्टँडवर उतरले, चहाच्या गाड्यावर विचारलं, "हणमंतराव फौजींचं घर कुठं आहे?" गाडेवाला भांडं विसळत हसला. "कंचं, त्ये पानी वतनारं व्हय? ह्ये काय, सरळ जावा, वड्याच्या पलीकडं. दहा मिन्टं बी न्हाई लागायची." त्यानं हात करून दाखवलं. मी त्या दिशेनं बघितलं. ओढ्यावरचा फरशीचा पूल दिसत होता, पलीकडं एक कडुलिंब दिसत होता आणि लिंबाखाली बाजेवर कुणीतरी पटका बांधलेला माणूस स्टँडाकडं तोंड करून बसला होता. तुम्ही होतात की नव्हता, मला ठाऊक नाही. काल बघितलं, तो लिंब तुमच्याच दारातला आहे.

मी वळले. ज्या गाडीनं आले होते ती अजून उभीच होती, तिच्यातच चढले. कंडक्टर म्हणाला, "का वो बाई, आत्ताच उतरलासा न्हवं?"

मी म्हटलं, "काम झालं."